एकबेरीज: पुण्याच्या दफ्तरापासून क्लाउडपर्यंत

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराच्या अनेक शाखा होत्या. त्यांतला फड फडणिसांच्या थेट नजरेखाली चाले आणि रोजचा कारभार तिथे कागदावर उतरे. एकबेरीज दफ्तराचे काम मात्र निराळे होते. ते पुण्यात कायमचे वसलेले असे आणि इतर सर्व खात्यांचे हिशेब अखेर तिथे येऊन मिळत. कारकून ते वर्गवार लावीत, खतावण्या घालीत आणि जमा, खर्च व शिल्लक यांचे वर्षाचे गोषवारे तयार करीत. या गोषवाऱ्यांना तर्जुमे म्हणत. हुजूर दफ्तरात सुमारे दोनशे कारकून राबत असत. नाना फडणिसांनी या व्यवस्थेला शिस्त आणली, तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिची हेळसांड झाली आणि कागद विस्कटले. सगळे हिशेब एका जागी यावेत आणि विचारताच उत्तर मिळावे, या दोन इच्छा त्या दफ्तराच्या मुळाशी होत्या. आजच्या कंपन्या क्लाउडवरचा एकसंध डेटा प्लॅटफॉर्म घेतात आणि त्यावर एआय साहाय्यक बसवतात, तेव्हा त्यांनाही हेच हवे असते. पहिली इच्छा टप्प्याटप्प्याने बरीच पुरी झाली. दुसरीच्या वाटेत मात्र प्रत्येक काळात विचारणारा आणि हिशेब यांच्यामध्ये कोणी ना कोणी जाणकार उभा राहिला. तो कसा बदलत गेला, हे आपण पाहू.

पेशवाईनंतर सत्तर-बाहत्तर वर्षांनी आपण अमेरिकेत येतो. तिथल्या १८८० च्या जनगणनेचे आकडे हाताने जुळवायला सात-आठ वर्षे लागली होती. १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथने माणसाची माहिती कार्डावर भोकांच्या रूपात नोंदवली आणि ती भोके विजेने मोजणारे यंत्र बनवले. गोष्ट इथेच थांबली असती तर ती सरकारी शिरगणतीचीच कथा ठरली असती. पण त्याच दशकात न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने आपल्या मालवाहतुकीचे हिशेब या कार्डांवर चढवले आणि व्यापाराला यंत्रावरच्या बेरजेची गोडी लागली. हॉलरिथची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या विलीनीकरणातून निघालेल्या संस्थेने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. कारकुनाच्या जागी आता कार्डे पाडणारा आणि यंत्र चालवणारा माणूस आला.

या प्रवासातले माझ्या मते सर्वांत सुंदर वळण एका चहावाल्या कंपनीने घेतले. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीची चहाची दुकाने ब्रिटनभर होती. पाव, केक आणि पाई यांच्या लाखो लहान विक्रींतून तिचा नफा थेंबाथेंबाने जमे, त्यामुळे हिशेबाचा खर्च तिला फार जाचे. १९४७ मध्ये तिचे दोन अधिकारी, रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड, कार्यालयीन कामाच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेला गेले आणि संगणकाची कल्पना घेऊन परतले. कंपनीने केंब्रिज विद्यापीठातल्या एड्सॅक संगणकाला ३,००० पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर स्वतःचा लिओ हा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याने बेकरीच्या मालाची किंमत काढायचे साप्ताहिक काम हाती घेतले. धंद्याचे नित्याचे काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून इतिहासकार त्याचे नाव घेतात. पुढे दुकानांच्या मागण्याही लिओवर आल्या. प्रत्येक दुकानाची वारावार ठरलेली मागणी आधीच कार्डांवर असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेशी फोनवर बोलून ऑपरेटर फक्त त्यातला बदल विचारून घेई आणि त्यावरून बेकरीने काय भाजायचे व कुठे काय पाठवायचे याच्या याद्या तयार होत. सगळा माल एकदम मोजण्याऐवजी नेहमीपेक्षा काय वेगळे घडले तेवढेच पाहायचे, ही दृष्टी त्या दुकानांतून आली. आजचे डॅशबोर्ड याच दृष्टीवर उभे आहेत, तरी लायन्सचे नाव फार थोड्यांना आठवते.

आपल्याकडे १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखाशाखांतल्या व्यवहारांचा मेळ घालण्याचे काम होते. शाखा अनेक, वह्या अनेक आणि बेरीज एक, असे ते एकबेरजेचेच काम होते.

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि ती यंत्रात नेमकी कुठे पडली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसावी. चार वर्षांनी त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे तक्ते धुंडाळण्यासाठी एक भाषा मांडली. तिलाच आपण आज एसक्यूएल म्हणतो. बॉइस त्याच वर्षी ऐन तारुण्यात वारले. हिशेबनीस, अभियंते, नगररचनाकार अशा प्रोग्रामिंग न जाणणाऱ्यांनी ही भाषा स्वतः वापरावी, अशी या दोघांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिचे एक स्वतंत्र कसब बनले आणि व्यवस्थापक आपला प्रश्न एसक्यूएल जाणणाऱ्याकडे पाठवून उत्तराची वाट पाहू लागला. त्याला थोडी मोकळीक मिळाली ती १९७९ मध्ये, डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिसिकॅल्कमुळे. ॲपल टू संगणकावर चालणाऱ्या या स्प्रेडशीटने, आणि पुढे लोटस १-२-३ व एक्सेलने, प्रत्येकाच्या टेबलावर हिशेबाचे स्वतंत्र राज्य उभे केले. ही मोकळीक मोलाची होती, पण तिची किंमतही मोठी होती. एकाच महिन्याच्या विक्रीचे दोन आकडे घेऊन दोन खाती बैठकीला येऊ लागली.

त्यावरचा उपाय म्हणून डेटा वेअरहाउस आले. आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि १९९२ मध्ये बिल इनमन यांच्या पुस्तकाने तो कंपन्याकंपन्यांच्या संगणक विभागांत पोचवला. रोजच्या व्यवहारांच्या यंत्रणेतून माहिती उचलायची, साफ करायची, एका भाषेत आणायची आणि विश्लेषणासाठी वेगळी साठवायची, अशी ही रीत होती. पॅरिसच्या बिझनेस ऑब्जेक्ट्स या १९९० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने त्यावर आणखी एक थर चढवला. ‘ग्राहक’, ‘महसूल’ असे धंद्यातले शब्द तक्त्यांतल्या रकान्यांशी एकदाच जोडून ठेवायचे आणि विचारणाऱ्याने त्या शब्दांतच विचारायचे. या थराला कंपनी युनिव्हर्स म्हणे. हा थर लक्षात ठेवा. आजच्या एआयची मदार त्यावर आहे.

साध्या बोलीत विचारून उत्तर मिळवण्याचा खटाटोपही वाटतो तेवढा नवा नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत बेसबॉल नावाच्या प्रोग्रामने एका हंगामातल्या सामन्यांविषयी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली होती. त्याहून विलक्षण होती विल्यम वुड्स यांची लुनार प्रणाली. अपोलो यानांनी आणलेल्या चंद्रावरच्या खडकांच्या रासायनिक पृथक्करणाविषयी भूगर्भशास्त्रज्ञ तिला प्रश्न विचारू शकत. १९७१ मध्ये ती चांद्रविज्ञानाच्या परिषदेत दाखवली गेली, तेव्हा १११ प्रश्नांपैकी ७८ टक्क्यांना तिने बरोबर उत्तर दिले. पण ती चंद्राच्या खडकांपलीकडे काही जाणत नव्हती. प्रत्येक नव्या विषयासाठी सारे पहिल्यापासून रचावे लागे आणि म्हणून ही वाट अर्धशतक अरुंदच राहिली.

दरम्यान माहितीच्या राशी वेअरहाउसच्या पेट्यांत मावेनाशा झाल्या. त्या पेट्यांत साठवण आणि गणनाशक्ती एकत्र जखडलेली असे. तिमाहीअखेरच्या चार दिवसांच्या गर्दीसाठी वर्षभराची मोठी पेटी विकत घ्यावी लागे. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणसेवा भाड्याने देऊ केली आणि हे गणित मोडले. त्याच वर्षी हडूप हे सॉफ्टवेअर आले आणि पुढे कच्ची माहिती स्वस्तात ओतून ठेवण्याच्या डेटा लेकची कल्पना रुजू लागली. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या स्नोफ्लेकने साठवण आणि गणना पूर्णपणे वेगळ्या केल्या, जेणेकरून गरजेपुरती गणनाशक्ती घ्यावी आणि काम संपताच ती सोडावी. पुढच्याच वर्षी बर्कलीतल्या संशोधकांनी डेटाब्रिक्स स्थापन केली. लेक आणि वेअरहाउस एकाच ठिकाणी नांदवण्याचा आग्रह तिने धरला. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ मध्ये फॅब्रिक जाहीर केले. त्यात माहिती भरण्यापासून आलेख काढण्यापर्यंतची सारी साधने वनलेक या एकाच साठ्यावर बसतात आणि तीच माहिती खात्याखात्यात पुन्हा उतरवून घेण्याची गरज उरू नये, असा त्याचा हेतू आहे. पुण्याच्या दफ्तरापासून चालत आलेली पहिली इच्छा इथे बहुतांशी पुरी झाली.

दुसरीला पंख फुटले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर. लुनारला एकच विषय ठाऊक होता, तर या मोठ्या भाषा-प्रारूपांना एसक्यूएलही येते आणि माणसाची बोलीही कळते. फॅब्रिकमधला कोपायलट, डेटाब्रिक्सचा जिनी आणि स्नोफ्लेकचा कॉर्टेक्स ॲनालिस्ट आज प्रश्न घेतात, क्वेरी स्वतः लिहितात आणि उत्तर मांडतात. येल विद्यापीठाच्या २०१८ मधल्या स्पायडर या चाचणीत अशा प्रारूपांनी पुढे नव्वदीच्या आसपास गुण मिळवले. पण २०२४ मध्ये खऱ्या कंपन्यांतल्यासारख्या गुंतागुंतीच्या, शेकडो-हजारो रकान्यांच्या डेटाबेसवर स्पायडर २.० ही चाचणी झाली. तिच्यातल्या ६३२ कामांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा त्या वेळच्या उत्तम प्रारूपाला सुटला. नंतरची प्रारूपे पुढे सरकली आहेत, तरी त्या घसरणीचे कारण विचारात घेण्याजोगे आहे. ‘नाशिक विभागाची विक्री का घटली?’ या प्रश्नातली विक्री जीएसटी धरून की वगळून, परत आलेला माल वजा करून की न करता, मागणीच्या तारखेने की बिलाच्या? याचे उत्तर कुठल्याच तक्त्यात लिहिलेले नसते. ते त्या धंद्यात वर्षे घालवलेल्या माणसाला ठाऊक असते आणि यंत्र मात्र न अडखळता त्यातला कुठलातरी एक अर्थ धरून आकडा देते.

म्हणूनच कॉर्टेक्स ॲनालिस्टला आधी सिमँटिक मॉडेल पुरवावे लागते आणि फॅब्रिकमधल्या आलेख काढणाऱ्या पॉवर बीआयमध्येही चांगल्या उत्तरासाठी तेच मॉडेल नीट बांधावे लागते. युनिव्हर्सचा तो जुना थर नव्या नावाने परत आला आहे. त्याचा मसुदा आता यंत्र करून देईल. दोन व्याख्यांपैकी कोणती मान्य हे ठरवणे आणि त्याखाली सही करणे हे काम कंपनीतल्या जाणत्या माणसाचेच आहे. तो माणूस नेमल्याशिवाय आणि त्याला तसा अधिकार दिल्याशिवाय कोणत्याही कंपनीने अशा प्लॅटफॉर्मवर पैसा घालू नये.