डब्यातली आमंत्रणं

लग्नपत्रिका आपण किती दिवस जपतो? लग्न लागलं, पंगत उठली की ती रद्दीत जाते. वर श्रीगणेशाचं नाव असो की आमच्या घरातल्या पत्रिकेवर असतं तसं ७८६ असो, नशीब एकच. चित्रप्रदर्शनाच्या आमंत्रणाचंही तसंच. आठवड्यात त्याचं काम संपतं. तरी काही माणसं ती कार्डं जन्मभर जपतात. का जपतात, हे मला शिरूरमध्ये कळलं.

दौंडच्या शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणारे सर निवृत्तीनंतर शिरूरला, आपल्या गावी जाऊन राहिले. ते वारल्यावर त्यांच्या मुलीनं मला बोलावून पत्र्याचा एक डबा हातात दिला. म्हणाली, ''दादा, रद्दीवाल्याला देणार होते, पण बाबा नेहमी तुमचं नाव काढायचे.'' डब्यात सगळी प्रदर्शनांची आमंत्रणं. मुंबईतले त्यांचे मित्र ती बुकपोस्टानं पाठवत. पाकीट उघडं ठेवायचं, म्हणजे तिकीट कमी लागायचं.

दौंड काय, शिरूर काय, आमच्याकडे चित्रांचं दालन नव्हतं. रंगांशी आमची पहिली ओळख सिनेमाच्या पोस्टरांनी करून दिली. त्यात कमीपणा काही नाही. बाबूराव पेंटरांनी 'कल्याण खजिना'साठी १९२४ साली केलेलं पोस्टर आज कलेच्या इतिहासात मोलाचं मानलं जातं. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांनीही आधी सिनेमाचे फलक रंगवले. फ्रान्समध्ये तुलूझ-लोत्रेकनं १८९१ साली मुलाँ रूज या नाचगाण्याच्या ठिकाणाचं पोस्टर केलं, आणि भिंतीवरची जाहिरात कलावंताची कृती ठरली. पुढे पिकासोनं व्हालोरिस गावातल्या प्रदर्शनांची पोस्टरं लिनोलियम कोरून स्वतः केली.

सरांच्या डब्यातली जुनी कार्डं खिळे जुळवून छापलेली आहेत. बोट फिरवलं तर अक्षराचा दाब लागतो. चित्र छापायचं तर ब्लॉक करावा लागे. रंगीत छपाईला प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, म्हणजे खर्चही तेवढा. म्हणून बहुतेक चित्रं एकाच रंगात. नंतर ऑफसेट आलं आणि कार्डं रंगीत, गुळगुळीत झाली. पण मजकूर तोच राहिला: नाव, दालन, वेळ, उद्घाटक. मुंबईचं जहांगीर कलादालन १९५२ साली उघडलं. तिथली प्रदर्शनं साधारण आठवडाभराची. त्या सात दिवसांसाठी चित्रकार वर्षानुवर्षं वाट पाहतो. आठव्या दिवशी भिंत दुसऱ्याची.

मग मागे काय उरतं? चित्रं विकली जातात, माळ्यावर जातात, ओल लागून खराब होतात. उरतो कागद. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचं मुंबईतलं १९४९चं प्रदर्शन कुणी बांधून ठेवलेलं नाही. पण सूझा यांचं निवेदन असलेली त्याची छोटी पुस्तिका अभ्यासक आजही आधाराला घेतात. हुसेन यांनी १९९२ साली 'श्वेतांबरी'मध्ये जहांगीरचं दालन पांढऱ्या कापडानं आणि वर्तमानपत्रांच्या फाटक्या तुकड्यांनी भरून टाकलं. ते कापड उतरल्यावर भिंतीवर काही राहिलं नाही. हाँगकाँगमध्ये २०००पासून एशिया आर्ट अर्काइव्ह ही संस्था आशियातल्या कलेचे असलेच कागद जमवते. आमच्या सरांचं संग्रहालय पत्र्याचं होतं, एवढाच फरक.

या कार्डांची एक खोड आहे. त्यांवर वार असतो, तारीख असते, पुष्कळदा साल नसतं. आमंत्रण आजच्या माणसासाठी. त्याला साल सांगायचं कशाला? ते आपण शोधायचं. डब्याच्या तळाशी एक कार्ड निघालं. चार चित्रकारांचं प्रदर्शन, चौथं नाव सरांचं. मंगळवार, ता. १४ नोव्हेंबरपासून. चौदा नोव्हेंबरला मंगळवार आला तो १९७२, १९७८, १९८९, १९९५ आणि २००० साली. पत्त्यात पिनकोड होता. तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, म्हणजे त्याआधीचं कार्ड नव्हे. शहराचं इंग्रजी नाव 'बॉम्बे' छापलेलं. ते अधिकृतपणे बदललं १९९५ साली. डाकेचा शिक्का नव्हता, कारण हे कार्ड हातोहात द्यायचं होतं.

ते मलाच दिलेलं होतं. मी तेव्हा बी.ए.ला होतो. सर घरी आले होते. ''कवी, मंगळवारी चल. तुझ्या अब्बांना रेल्वेचा पास आहे, तिकिटाची सबब सांगू नकोस.'' मी हो म्हणालो आणि गेलो नाही. तिथं इंग्रजी बोलणारी माणसं असतील, आपल्या पायात साध्या चपला, या भीतीनं. तोंड चुकवायला मी कार्ड दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाकडे परत पाठवलं, तब्येतीचं कारण सांगून. सरांनी नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं ते एकमेव प्रदर्शन होतं, हे त्यांच्या मुलीनं मला सांगितलं. त्यातलं एकही चित्र घरात नाही.

म्हणजे ते प्रदर्शन झालं होतं, याचा आमच्याकडे पुरावा एकच, हे कार्ड. आणि ते कोणत्या सालचं, याची साक्ष देणारा मी, जो तिथं गेलाच नाही. आता आमंत्रणं मोबाइलवर येतात, बोट फिरलं की खाली सरकतात. मी मात्र आलेलं एखादं कार्ड टाकत नाही. सरांच्या कार्डामागे पेन्सिलीनं १९८९ लिहिलं आणि ते पुन्हा डब्यात ठेवलं, या वेळी सगळ्यांत वर.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)