मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किती फुटी घ्यायचा?

द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमध्ये मिनी ट्रॅक्टर आता सर्रास दिसतात. ट्रॅक्टर दारात आला की पाठोपाठ रोटाव्हेटर येतो, आणि हिशेब बहुतेकदा तिथेच चुकतो. 'मोठा घेतला तर काम लवकर उरकेल' म्हणून 20-22 एचपीच्या ट्रॅक्टरला पाच फुटी रोटाव्हेटर लावला जातो. भुसभुशीत रानात तो चालतोही. पण घट्ट काळ्या जमिनीत गेला की इंजिन दबतं, काळा धूर ओकतं आणि डिझेल पाण्यासारखं जातं.

एचपी नेमकी कोणती बघायची?

बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनची असते. रोटाव्हेटर मात्र मागच्या पीटीओवर फिरतो, आणि तिथपर्यंत पोहोचताना ताकद थोडी घटते. साधारण 85 टक्के धरून चाला. म्हणजे 24 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर 20 च्या आसपास एचपी मिळते. नेमका आकडा माहितीपत्रकात असतो, तो विक्रेत्याला विचाराच.

ढोबळ हिशेब असा: मध्यम जमिनीत रोटाव्हेटरच्या दर फुटाला पीटीओची 5 एचपी. त्यानुसार वरच्या ट्रॅक्टरला चार फुटी रोटाव्हेटर पेलतो. भारी काळ्या जमिनीत दर फुटाला 6 धरली तर हाच आकडा साडेतीन फुटांच्या खाली येतो. ट्रॅक्टर 18 एचपीचा असेल तर तीन फुटांवर थांबलेलं बरं.

ताकदीनंतर टेप घ्या. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. रोटाव्हेटर त्यापेक्षा अरुंद असेल तर टायरनं दाबलेली पट्टी तशीच घट्ट राहते, म्हणून तो निदान तेवढा रुंद हवा. ताकद कमी पडल्यामुळे अरुंदच घ्यावा लागत असेल, तर एका बाजूला सरकवता येणारा रोटाव्हेटर मिळतो का ते बघा. निदान एका टायरची खूण तरी पुसली जाते.

बागेत गणित वेगळं

मोकळ्या रानात रोटाव्हेटर दोन इंच इकडेतिकडे गेला तर बिघडत नाही. बागेत बिघडतं. समजा, द्राक्षाच्या दोन ओळींत 9 फूट अंतर आहे. कागदावर जागा भरपूर दिसते, पण दोन्ही बाजूंचे बोद, ठिबकच्या नळ्या आणि मांडवाचे खांब वजा केले की ट्रॅक्टरला मिळणारी वाट बरीच आक्रसते. त्यात माहितीपत्रकावरची रुंदी अनेकदा फक्त पात्यांची, म्हणजे कामाची असते. बाजूच्या पत्र्यांसह अवजार त्याहून रुंद भरतं. नळी तुटते ती याच फरकामुळे.

शिवाय वेलीची पांढरी मुळी बरीचशी वरच्या थरातच असते. ओळीजवळ खोल रोटाव्हेटर मारला की ती तुटते. त्यामुळे बागेसाठी अरुंद रोटाव्हेटर घेऊन, गरज पडली तर मधल्या पट्ट्यात दोन फेऱ्या मारणं केव्हाही परवडतं.

वजनही बघा

छोटा ट्रॅक्टर हलका असतो. मागे जड अवजार उचललं की पुढची चाकं हलकी होतात आणि बांधावर, चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. रोटाव्हेटर उचलल्यावर पुढचा भाग तरंगतोय असं वाटलं तर पुढे वजनं लावावी लागतील, किंवा अवजारच लहान घ्यावं लागेल. पीटीओचे फेरेही जुळले पाहिजेत. बरेच रोटाव्हेटर मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनलेले असतात. काही मिनी ट्रॅक्टरमध्ये याहून वेगळे पर्याय असतात.

पैसे देण्याआधी डेमो मागा, तोही स्वतःच्या रानात, वाफसा असताना. लो गिअरमध्ये, नेहमीच्या खोलीवर पूर्ण तास चालवून बघा. इंजिनचा आवाज सतत खाली बसत असेल तर तो रोटाव्हेटर त्या ट्रॅक्टरचा नाही. पीटीओच्या शाफ्टवर प्लास्टिकचं आवरण आहे ना, हेही तेव्हाच तपासा. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात अडकायला क्षणही लागत नाही.

आणि महाडीबीटीवरून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका. त्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही.