ताम्रपट कुणाच्या हाती?

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. शिलाहार राजा मुम्मुणी आणि त्याचे अधिकारी यांची नावे त्यात आहेत. पण देऊळ उभे राहिले की पूजाअर्चेला माणूस लागतो, आणि तो माणूस जगणार कशावर हा प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर शिलाहारांच्या ताम्रपटांत मिळते. शके ९४८ मध्ये, म्हणजे इ. स. १०२६ मध्ये, छित्तराजाने आमदेवैय नावाच्या ब्राह्मणाला साष्टीतल्या नौर गावचे शेत दान दिले. हा ताम्रपट भांडुपला सापडला, आणि नौर म्हणजे आजचे नाहूर असे अभ्यासक मानतात. बदलापूरहून सीएसएमटीला जाणारी लोकल त्याच शिवारातून जाते.

अशा ताम्रपटांचा साचा ठरलेला असतो. दान कुणी दिले, जमिनीच्या चतुःसीमा कोणत्या, दान घेणारा आणि त्याचे वंशज यांना कुणी अडथळा करू नये ही आज्ञा, आणि जमीन हिरावणाऱ्याला शाप. यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हा पत्रा राजाच्या दप्तरात राहत नसे, तो दान घेणाऱ्याच्या घरी जाई. उद्या अधिकारी बदलला, राजा बदलला, तरी त्याला आपल्या घरातला पत्रा काढून दाखवता येई.

हा जुना व्यवहार मनात ठेवून आपल्या काळातल्या एका प्रकरणाकडे पाहू. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यान चळवळीने १९७४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, फेअरफील्ड या छोट्या गावात आपले विद्यापीठ नेले. २००१ मध्ये शेजारीच ‘महर्षी वेदिक सिटी’ हे नगर स्थापन झाले. शेकडो वैदिकांनी एकत्र पाठ आणि यज्ञ केले की त्याचा परिणाम साऱ्या राष्ट्रावर होतो, जगात शांतता नांदते, ही चळवळीची श्रद्धा. त्यासाठी २००६ पासून भारतातून तरुण पंडित नेले जाऊ लागले. बहुतेक उत्तर भारतातल्या साध्या घरांतले, लहानपणापासून चळवळीच्याच पाठशाळांत वाढलेले. शेतांच्या मधोमध कुंपण घातलेले आवार, त्यात तयार आणून बसवलेली घरे, शाकाहारी जेवण, औषधपाणी, जाण्यायेण्याचा खर्च: सारे संस्थेचे.

आणि दक्षिणा? संस्थेच्या बाजूने सांगितला गेलेला आकडा महिन्याला २०० डॉलरचा होता. त्यातले ५० पंडिताच्या हाती, १५० भारतात. २०१४ च्या दराने १५० डॉलर म्हणजे सुमारे ९,००० रुपये. खेड्यातल्या घराला ही रक्कम लहान नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण हातातल्या ५० डॉलरचे मोल तिथल्या बाजारात करायचे. अमेरिकेचे किमान वेतन तेव्हा ताशी सव्वासात डॉलर होते. म्हणजे महिन्याची रोकड सात तासांच्या मजुरीइतकीही नव्हती. कुंपणाबाहेरच्या एखाद्या दुकानात वा हॉटेलात एका दिवसात काय मिळते, हा हिशेब विशीतल्या मुलाला करता येणारच.

जानेवारी २०१४ मध्ये शिकागोच्या ‘हाय इंडिया’ या साप्ताहिकाने बातमी दिली की १६३ पंडित आवार सोडून निघून गेले आहेत. ते आपखुशीने गेले, असे संस्थेचे म्हणणे. मार्चमध्ये एका पंडिताला भारतात परत पाठवायचे ठरले, तेव्हा साठ-सत्तर जणांचा जमाव उसळला आणि शेरीफच्या गाडीवर दगड पडले. शांतिपाठासाठी आणलेल्या मुलांनी दगड उचलले, याची तिथल्या वर्तमानपत्रांना गंमत वाटली. मला त्यात गमतीसारखे काही दिसत नाही. परत पाठवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूकडे बोलायला फारसे काही उरत नाही.

हा अधिकार येतो कुठून? धर्मकार्यासाठीचा आर-१ व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा. अर्ज करते ती संस्था. मोबदला रोख नसून अन्न-निवाऱ्याच्या रूपात असला तरी कायद्याला चालतो. संस्थेतून बाहेर पडले की व्हिसाचा आधारच जातो. दुसरीकडे काम करायचे तर दुसऱ्या संस्थेने नव्याने अर्ज करावा लागतो. थोडक्यात, या दानाचा ताम्रपट दात्याच्याच कपाटात राहतो.

कुंपणाची गोष्ट आपल्याला नवी नाही. पेशवाईत पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात श्रावणमासाची दक्षिणा वाटली जाई. दूरदूरहून आलेल्या ब्राह्मणांना आवारात घेत, आणि कुणी दोनदा घेऊ नये म्हणून दारातून बाहेर सोडताना दक्षिणा देत. तो मानाचा प्रकार होता असे मी म्हणणार नाही. पण बाहेर पडणारा माणूस आपले पैसे घेऊन आपल्या वाटेने जाई.

नुसत्या घरावरूनही माणसाची स्थिती कळत नाही. आमच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकी मिळाल्या. त्या आयोवातल्या घरांपेक्षा नक्कीच वाईट होत्या. पण बराकीतला माणूस सकाळी बाहेर पडून पापड विकू शकत होता, उधारीवर दुकान मांडू शकत होता. आज पत्त्यात ‘बराक नंबर’ उरला आहे, बराक बहुतेक ठिकाणी गेली आहे.

आमच्याकडचा भिक्षुक आजही पिशवी घेऊन अंबरनाथ-बदलापूर लोकलने फिरतो. एका दिवशी सत्यनारायण, दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. त्याची मिळकत बेभरवशाची आहे, म्हातारपणाची सोय नाही. तरी एखाद्या यजमानाशी पटले नाही तर पुढच्या वेळी ‘मला जमणार नाही’ एवढे तो म्हणू शकतो. आयोवातल्या मुलांना जेवण होते, छप्पर होते, आणि त्यांच्या पाठावर जगाची शांती अवलंबून आहे असे सांगणारेही होते. हे एक वाक्य मात्र त्यांना परवडणारे नव्हते.