जुनेर

मराठीतला ‘जुनेर’ हा शब्द दुसऱ्या भाषेत नेताना माझी नेहमी अडचण होते. नुसते जुने कापड म्हणजे जुनेर नव्हे. नेसून, धुऊन, पिळून, उन्हात वाळवून ज्याची खळ पार निघून गेली आहे, ज्याची कड आता अंगाला बोचत नाही, आणि तरीही जे फाटून निकामी झालेले नाही, ते जुनेर. इंग्रजीतले सगळे पर्याय कापडाचे वय सांगतात, गुण सांगत नाहीत. बंगालीत ‘पुरोनो शाडी’ म्हणून भागते, कारण पुढचे तिथल्या वाचकाला ठाऊक असते: जुन्या साड्या साठल्या की त्यांची कांथा होते. हिंदीत मात्र ‘उतरन’ पुढे येतो. त्या शब्दात कुणीतरी वर आहे आणि कुणीतरी खाली, आणि कापड वरून खाली आले आहे. एका कापडाचे दोन शब्द दोन वेगळ्या इतिहासांतून आले आहेत आणि मला ते दोन्ही एकत्र मांडून पाहायचे आहेत.

हल्ली हाताने केलेल्या भेटीचे कौतुक नव्याने चालू आहे. जुने कपडे विकत घ्यायचे, घरी उसवायचे, त्यातून काही वेगळे शिवून कुणाला तरी द्यायचे. मराठी घरात याला फार पूर्वीपासून नाव आहे, बाळंतविडा. कुंची, टोपडे, झबली, दुपटी, लंगोट. त्यातली कुंची दाखवायची म्हणून खणाची किंवा रेशमी, बहुधा नवी. पण बाळाच्या कातडीला प्रत्यक्ष जे लागायचे ते सगळे जुनेराचे: आजीच्या लुगड्याची दुपटी, आजोबांच्या धोतराचे लंगोट. अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालायचेच नाही असा दंडक होता. कुणी त्याला दृष्टीचे कारण देई. मला खळीचे कारण अधिक पटते. नव्या मांजरपाटाने ओरखडे उठतात हे कुठल्याही सुइणीला सांगावे लागत नसे. मूल नकोसे असेल किंवा आधीची मुले जगली नसतील, तर काही घरांत त्याचे नावच चिंधी ठेवत. सिंधुताई सपकाळ यांचे माहेरचे नाव तेच होते.

दुपटी विरली, आणखी लुगडी साठली की गोधडी. कोल्हापूरकडे वाकळ, सीमेपलीकडे कन्नडमध्ये कौदी. थर जमिनीवर ताणून पसरायचे, कडेने टाचायचे आणि धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे यायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही असेच करतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्या कवांदीच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावावी लागतात. ती नसली तर गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. बिहारमध्ये याच कामाला सुजनी म्हणतात, बंगालमध्ये कांथा. कांथेचा रंगीत दोरासुद्धा विकत आणलेला नसे, साडीच्या काठातून एकेक ओढून काढलेला असे. म्हणजे कापडही तेच आणि दोराही तोच.

कांथा हा मूळचा संस्कृत शब्द, कन्था. मराठीतही तो आहे, पण तो गोसाव्या-जोग्यांच्या अंगावर जाऊन बसला. ठिगळांची, भिक्षेकऱ्याची ती कंथा. बंगालमध्ये हाच शब्द आईच्या मांडीवर उतरला. तौलनिक साहित्य शिकताना आम्ही शब्दांचे असे प्रवास मोठ्या गंमतीने वहीत लिहून घ्यायचो. पुढे अनुवाद करू लागल्यावर कळले की गंमत अर्धीच होती. जोगी आणि तान्हे बाळ यांच्यात एक गोष्ट समान आहे. दोघांनाही जुने कापड चालते, आणि त्यात दोघांपैकी कुणाचाही अपमान होत नाही.

जोग्याच्या बाजूचा सगळ्यात तपशीलवार पुरावा बौद्ध विनयात आहे. चुल्लवग्गातली कथा अशी: कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दिली. राजा चिडला. हा भिक्षू काय कापडाचे दुकान टाकणार आहे का? मग तो स्वतःच आनंदाकडे गेला आणि विचारू लागला. इतक्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देईन. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे? पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की? जमिनीवर अंथरायला. मग पायपुसणी. मग धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकी? कुटून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. (ती आनंदाला बहुधा मोजून घ्यावी लागली असतील.)

मराठी वाचकाला या संवादाचा शेवट समजावून सांगावा लागत नाही. जमीन सारवायच्या फडक्याला आपल्याकडे पोतेरे म्हणतात. लुगडे, जुनेर, दुपटे, गोधडी, पायपुसणे, पोतेरे: ही उतरंड विनयातल्या उतरंडीशी जवळजवळ पायरीला पायरी जुळते. फरक एवढाच की आनंदाला ती राजाला पटवून द्यावी लागली म्हणून नोंदली गेली. घरातल्या बाईला कुणी विचारले नाही.

दुसरा पुरावा कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृता’तला. सनातन हे गौडच्या हुसेन शाहाच्या दरबारात मोठ्या पदावर होते. बंदिवासातून निसटून ते काशीला चैतन्यांकडे पोचतात. नवे वस्त्र पुढे केले जाते, ते नाकारतात. तपन मिश्रही नवे देऊ करतात. सनातन म्हणतात, द्यायचेच असेल तर तुमच्या वापरातले जुने द्या. मग मिळालेल्या जुन्या धोतराची ते स्वतः बहिर्वासे आणि कौपीने करून घेतात. तरी अंगावर एक भारी भोट कांबळे राहिलेले असते, मेहुण्याने दिलेले. चैतन्य बोलत काही नाहीत, फक्त पुन्हा पुन्हा त्या कांबळ्याकडे पाहतात. सनातन काय ते समजतात. गंगेच्या घाटावर एक बंगाली माणूस आपली कांथा धुऊन वाळत घालत असतो. त्याला ते म्हणतात, माझे कांबळे घे आणि तुझी कांथा मला दे. त्या माणसाला आधी ही थट्टाच वाटते.

पुढे पुरीला खुद्द चैतन्यांच्या बाबतीतही हेच घडते. केळीच्या सोपटांवर निजून त्यांच्या हाडांना त्रास होतो म्हणून जगदानंद चांगले कापड आणून, गेरूत रंगवून, सावरीच्या कापसाची गादी-उशी करवतात. ती परत जाते. मग स्वरूप दामोदर केळीची वाळकी पाने नखांनी बारीक चिरतात आणि चैतन्यांच्याच वापरलेल्या वस्त्रांत ती भरतात. ते अंथरूण चालते. जुन्या बंगालीतला हा भाग मी कितीदा वाचला असेल. प्रेम दोन्ही भेटींत सारखेच आहे, कष्ट कदाचित दुसरीत जास्त. पण एक कापड नवे आणि एक त्यांचे स्वतःचे, आणि निवाडा तेवढ्यावर होतो.

इथपर्यंत इतिहास सुखाचा आहे, आणि जुन्या कपड्यांवर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला इथे थांबणे अप्रामाणिक वाटते. सनातन जुने मागू शकले, कारण त्यांना नवे देऊ केलेले होते. तेही दोनदा. ज्यांना ते कधी कुणी देऊच केले नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. आपल्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ म्हणून मोजला जात होता. दारात वरून टाकलेले, हाताला हात न लागता झेललेले लुगडेही जुनेरच. पोत तोच, खळही तशीच निघालेली. पण ते भेट नव्हते. घेणाऱ्याला ते नाकारता येत नव्हते, आणि देणाऱ्याला त्याची ऊब देण्याशी काही कर्तव्य नव्हते.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले तेव्हा लुगडे हा किरकोळ विषय नव्हता. तोकडे नेसणे, गळ्यातले जाड दागिने, कोपरापर्यंतच्या चांदी-कथलाच्या गोठ-पाटल्या, हे सगळे जात ओळखू येण्याच्या खुणा म्हणून टाकून द्या, असे ते म्हणाले. कितीतरी जणींनी लगेच नेसण्याची तऱ्हा बदलली. कापड तेच असेल, काही जणींचे ठिगळाचेही असेल. ते कसे नेसायचे हे मात्र आता त्या ठरवत होत्या. जुने कपडे नव्याने करण्याच्या इतिहासात हा दिवस कुणी मोजत नाही. मी मोजते. यात एक टाकाही घातला गेला नव्हता, तरीही.

मग कुठली वस्त्रे उरली? कोलकात्याच्या दक्षिणेला जोका भागात गुरुसदय संग्रहालय आहे. आयसीएस अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या कांथा तिथे आहेत. त्यांतली एकोणिसाव्या शतकातली, खुलना भागातली एक कांथा मानदासुंदरी दासी या बाईची. तिने ती वडिलांसाठी केली आणि आपल्या हातची ही भेट असल्याचे टाक्यांतच लिहून ठेवले. भेट सहसा सासरच्या दिशेने किंवा पोटच्या मुलाकडे जाते. इथे ती लेकीकडून बापाकडे गेली. अक्षरे होती म्हणून नाव उरले आणि नाव होते म्हणून कांथा उरली असे मला वाटते. आपल्याकडे आंबेजोगाईच्या दासोपंतांची पासोडी टिकली ती याच कारणाने. पांघरायच्या जाड कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले, म्हणून ते कुणी पांघरले नाही. ज्या गोधड्या पांघरल्या गेल्या त्या पोतेऱ्यापर्यंत पोचल्या. त्या करणाऱ्या बायकांची नावे कुठल्या काठावर नव्हती. अभ्यासकाला न वापरलेलेच सापडते, ही या विषयाची मोठीच अडचण आहे. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्ये कांथांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. तोही साहजिकच नक्षीदार, जपून ठेवलेल्या कांथांच्या आधाराने. रोजच्या, मुताने भिजणाऱ्या दुपट्यांवर कोण निबंध लिहिणार?

पुढे बाजार आला. त्याबद्दल नाक मुरडायचे मला कारण नाही. मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात १९८८ नंतर सुजनीचे काम पुन्हा उभे राहिले. बायकांच्या हातात पैसे आले आणि हुंड्यासारखे विषय त्यांनी त्याच टाक्यांत मांडले. २००६ मध्ये सुजनीला आणि २००८ मध्ये पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण विकायची वस्तू जुन्या कापडावर करता येत नाही, गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून आज दुकानात मिळणारी ‘कांथा स्टिच’ साडी नव्या रेशमावर असते. टाका उरला आणि ज्याच्यासाठी टाका होता ते जुनेर गेले. विरलेल्या थरांना एकत्र धरून ठेवणे हे धावदोऱ्याचे मूळ काम. नव्या रेशमाला त्याची काही गरज नाही.

घरातले जुनेर दुसऱ्याच वाटेने जाते. बोहारीण येते, कपडे उलगडून उजेडात धरते, काखेतली शिवण ताणून पाहते आणि पातेल्याऐवजी वाटी पुढे करते. साडी तिच्याकडून बाजारात जाते, धुऊन-इस्त्री होऊन पुन्हा कुणाच्या अंगावर चढते.

अलीकडे शहरांत काही बायका मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात. गिऱ्हाईक कापड स्वतः आणते, बऱ्याचदा गेलेल्या आईच्या साड्या. शिवणारी आधी त्या हातात घेऊन चुरगाळून पाहते आणि विचारते, यातल्या सुती किती? नायलॉनच्या पुष्कळ निघतात. त्यांच्यावर सुई घसरते, थर एकमेकांना धरत नाहीत, आणि कितीही वर्षे नेसल्या तरी त्या मऊ होत नाहीत. ती त्या बाजूला काढते. ज्या दोन-तीन सुती उरतात त्यांत मोठ्या माणसाची गोधडी होत नाही, लहान मुलाची होते.