श्रवणहानी : मात्रा आणि निवारण

प्रथम संज्ञा. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे एकक लघुगणकीय आहे. पातळी 3 डेसिबलांनी वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. पातळी आणि काल यांच्या योगाने कानावर पडणारी एकूण ऊर्जा, तिला येथे मात्रा म्हटले आहे. दीर्घकालीन हानी मात्रेवर अवलंबून असते. 85 डेसिबलांना आठ तास ही दैनिक मर्यादा व्यवहारात मान्य आहे. त्यावरून 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि याच क्रमाने 100 ला केवळ 15 मिनिटे उरतात.

हानी द्विविध आहे : तात्पुरती आणि स्थायी. पहिलीत कान बधिरतात, गुणगुणतात आणि काही काळाने पूर्ववत होतात. हे पूर्ववत होणे फसवे असू शकते. 2009 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत श्रवणक्षमता परत आल्यानंतरही अंतःकर्णातील केशपेशी व मज्जातंतू यांच्यातील अनेक जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या. दुसरीत या केशपेशीच नष्ट होतात. मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ऱ्हासाचा आरंभ बहुधा 4000 हर्ट्‌झच्या आसपास होतो. स, श यांसारखी व्यंजने त्यामुळे आधी पुसट होतात आणि स्वर शाबूत राहतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ या तक्रारीचे हेच कारण.

निवारणाचे मार्ग चार : उगम शांत करणे, अंतर वाढवणे, काल घटवणे, अडथळा घालणे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केल्यास पातळी सुमारे 6 डेसिबलांनी उतरते. दुतर्फा इमारती असलेल्या रस्त्यात परावर्तनामुळे तितकी उतरत नाही. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत पातळी 100 डेसिबलांपलीकडे सहज जाते, आणि वादकाला पहिले दोन मार्ग उपलब्ध नसतात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी भागाची दिवसाची 55 डेसिबलांची मर्यादा परिसरासाठी आहे. वादकाच्या कानाचा विचार तीत नाही. तो पथकानेच करावयाचा आहे, आणि गणेशोत्सवापूर्वीचे सरावाचे आठवडेही त्यात धरले पाहिजेत.

अडथळा म्हणून कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही; त्यासाठी इअरप्लग हवा. खरा प्रश्न तो किती वेळ कानात राहतो हा आहे. 30 डेसिबलांचे संरक्षण देणारा प्लग तासात 15 मिनिटे काढला, तर त्या चतुर्थांश काळातील ऊर्जा जवळजवळ पूर्ण मिळते आणि तासाचे एकूण संरक्षण 6 डेसिबलांवर येते. म्हणून प्लग पहिल्या ठोक्याआधी घालावा. बोलण्यासाठी तो काढायचाच असेल, तर आधी ताफ्यापासून दूर जावे.