ग्रहनिर्मितीचा रेडिओ दुर्बिणींद्वारे अभ्यास

नवजात ताऱ्यांभोवती ग्रह कसे घडतात, हे तेथील वायू व धुळीतून येणाऱ्या रेडिओ लहरींवरून जाणून घेणे हा रेडिओ खगोलशास्त्रातील एक महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. कोणत्या तरंगलांबीवर निरीक्षण केले जाते, यावर या अभ्यासात काय दिसते हे ठरते.

पार्श्वभूमी

वायू व धुळीचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावून तारा जन्मतो. उरलेले द्रव्य त्याच्याभोवती चपट्या चकतीच्या रूपात फिरत राहते. या चकतीतील धूलिकण एकत्र येत जाऊन ग्रह आकाराला येतात. दाट धूळ दृश्य प्रकाश अडवते. रेडिओ लहरी मात्र तिच्यातून बऱ्याच अंशी पार होतात. थंड धूळ स्वतःही मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी उत्सर्जित करते.

मिलिमीटर लहरींचे निरीक्षण

वातावरणातील बाष्प मिलिमीटर लहरी शोषून घेते. त्यामुळे ६६ अँटेनांची 'आल्मा' ही दुर्बीण चिलीतील कोरड्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर उभारण्यात आली. २०१४ मध्ये तिने सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या एचएल टॉरी या ताऱ्याच्या चकतीतील तेजस्वी कडी व काळसर पोकळ्या टिपल्या. या ताऱ्याचे वय १० लाख वर्षांहून कमी मानले जाते. या पोकळ्या घडत्या ग्रहांमुळे पडल्या असल्यास ग्रहनिर्मिती अपेक्षेपेक्षा लवकर सुरू होते, असा त्याचा अर्थ होतो.

खोडद येथील दुर्बीण

अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात (जिल्हा पुणे) खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. अँटेनांचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा असून जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची आहेत. मीटर लहरींना ही जाळी अखंड आरशासारखी असते. मिलिमीटर लहरी मात्र तिच्या छिद्रांतून आरपार जातात. त्यामुळे चकतीतील धुळीचे चित्र या दुर्बिणीने घेता येत नाही.

तरुण ताऱ्यांतून वेगाने बाहेर पडणारे वायूचे झोत मात्र दीर्घ तरंगलांबीवर अभ्यासता येतात. डीजी टॉरी या ताऱ्याच्या झोतात प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन असल्याचे संकेत खोडदच्या निरीक्षणांतून मिळाले. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. असे झोत चकतीतील द्रव्याच्या ताऱ्याकडे होणाऱ्या प्रवाहाशी निगडित असल्याने दोन्ही प्रकारची निरीक्षणे परस्परपूरक ठरतात.