सैल बेअरिंग, एक कानस आणि फोर्डची ‘मॉडेल टी’

१९२० च्या दशकातील अमेरिकेचा ग्रामीण भाग. एक शेतकरी आपली मोटार ताशी २५ मैलांच्या वेगापर्यंत नेतो आणि एकाएकी थ्रॉटल मिटतो. इंजिनातून पोलादावर लहान हातोडीने ठोकल्यासारखी स्पष्ट टकटक ऐकू येते. जवळपास गॅरेज नाही. तरीही काय बिघडले आहे हे त्याला त्या आवाजावरून कळते : कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल झाले आहे.

हे ज्ञान आले कोठून? बरेचसे फोर्ड कंपनीच्याच मालकांसाठीच्या पुस्तिकेतून. ती प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात होती, आणि तिच्यात इंजिनाच्या ठोक्यांचे चक्क वर्गीकरण केलेले होते. चढावर टणटण वाजले तर सिलिंडरमध्ये काजळी साचली आहे; चढावरच बोजड धपधप आली तर क्रँकशाफ्टचे मुख्य बेअरिंग झिजले आहे; थ्रॉटल झटक्यात उघडताच खडखड झाली तर पिस्टन सैल आहे. वैद्याने नाडी पाहावी तसा मालकाने कान लावावा, अशी अपेक्षा होती.

‘मॉडेल टी’ १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली. चार सिलिंडर, सुमारे २.९ लिटरचे इंजिन, शक्ती जेमतेम २० अश्वशक्ती. पिस्टनची वरखाली हालचाल क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचवतो तो कनेक्टिंग रॉड. त्याचे खालचे टोक शाफ्टला दोन अर्ध्या भागांनी कवटाळून असते आणि आतून बॅबिट या मऊ मिश्रधातूचा थर असतो. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने १८३९ मध्ये शोधला. त्याचा मऊपणा हाच त्याचा गुण. तेलात कण शिरला तर तो बॅबिटमध्ये रुतून बसतो आणि महागडा शाफ्ट वाचतो. स्वस्त भागाने झिजावे म्हणजे महाग भाग टिकावा, असा हा हिशेब होता. साहजिकच बेअरिंग सैल होणे हा अपघात नव्हता. ते कधी ना कधी होणारच होते.

त्यात भर वंगणाची. या इंजिनाला तेलाचा पंपच नव्हता. मागचे फिरते फ्लायव्हील तेल वर उडवी, एक बारीक नळी त्यातले थोडे पुढे नेई, आणि उताराने ते मागे वाहत येताना रॉड त्यात बुडत. लांब, उभ्या चढावर मात्र तेल मागेच साचे आणि सर्वांत पुढच्या रॉडची उपासमार होई.

सुरुवातीच्या गाड्यांत या रॉडपर्यंत पोहोचणे फार कष्टाचे होते. १९११ मध्ये क्रँककेसच्या तळाला काढता येणारे झाकण बसवण्यात आले, आणि गाडीखाली उताणे पडून दुरुस्ती करणे शक्य झाले. आधी तेल काढून टाकायचे, झाकण सोडायचे, पहिल्या रॉडची खालची टोपी उतरवायची. तिच्या दोन्ही कडा कानशीने अगदी थोड्या, शब्दशः केसभर, घासायच्या. म्हणजे टोपी तेवढी वर सरकते आणि पकड घट्ट होते. खुणा जुळवून टोपी पुन्हा बसवायची, बोल्ट आवळायचे आणि हँडल फिरवून इंजिन किती जड लागते ते पाहायचे. जाणता मिस्त्री टोपीच्या दोन्ही बाजूंना हातोडीने हलकेच ठोकून अंदाज घेई.

यातील एक सूचना विशेष शहाणपणाची आहे. एक बेअरिंग नीट बसले की ते पुन्हा सैल करायचे आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. तसे केले नाही तर हँडलला जाणवणारा अडथळा नेमका कोणत्या रॉडचा, हे कळणार कसे? सर्व तपासून झाल्यावर शेवटी सगळे बोल्ट आवळायचे. अतिघट्ट बसवले तर बॅबिट लवकरच कापले जाई, आणि मग कानस निरुपयोगी ठरे.

त्यापूर्वीची मोटार श्रीमंतांची होती, आणि तिच्याबरोबर पगारी शोफर असे. मूळ फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा! तोच चालक आणि तोच दुरुस्ती करणारा. शेतकऱ्याला शोफर परवडणारा नव्हता. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची जवळजवळ निम्मी लोकसंख्या ग्रामीण होती. या लोकांना गाडी विकायची तर ती त्यांच्याच हातांनी दुरुस्त होणारी हवी. फोर्डने हे परोपकार म्हणून केले असे मानण्याचे कारण नाही. ८५० डॉलरला आलेल्या गाडीची सर्वांत स्वस्त आवृत्ती १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बनल्या, तो या धोरणाचाही परिणाम होता.

मात्र ‘मॉडेल टी’चे सारे काही अंगणात दुरुस्त होई, ही दंतकथा आहे. क्रँकशाफ्टची मुख्य बेअरिंगे बसवण्यासाठी इंजिन गाडीबाहेर काढावे लागे, हे पुस्तिकाच सांगते.

या कौशल्याची खरी कसोटी १९३० च्या दशकात लागली. मंदी आणि धुळीच्या वादळांनी उखडलेली कुटुंबे जुन्या गाड्यांत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघाली. वाटेत रॉडचे बेअरिंग गेले की प्रवास थांबे आणि गाठीचे पैसे संपू लागत. चामड्याच्या पट्ट्याचा किंवा डुकराच्या सालीचा तुकडा बेअरिंगच्या जागी घालून पुढचे गाव गाठल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या १९३९ च्या कादंबरीत हाच प्रसंग आहे. सहप्रवाशांच्या डॉज गाडीचे बेअरिंग जळते. टॉम आणि अल हे जोड बंधू भंगारखान्यातून रॉड मिळवतात आणि विजेरीच्या उजेडात तो बसवतात. पिस्टनच्या कड्या दाबून धरण्यासाठी ते बारीक पितळी तार गुंडाळतात. काम करताना हात काळे न झालेल्या लेखकाला हा तपशील सुचणे कठीण.

१९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये टोपीखाली पातळ पत्र्यांचे थर होते, घासण्याऐवजी एक थर सोलला की काम भागे. नंतरच्या काळात कारखान्यात अचूक मापाने घडवलेली, पुरती बदलायची बेअरिंग-कवचे रूढ झाली. ती अधिक भार सोसत आणि अधिक टिकत. त्या इंजिनांमध्ये टोपीवर कानस चालवणे म्हणजे रॉड वाया घालवणे.